पेन्सिलवरची दोन मुले : शाळांतील पारलिंगी विद्यार्थ्यांच्या समावेशनासाठी दृश्य जाणीवजागृती मोहिमेची रचना

प्रस्तावना

सर्व शिक्षा अभियानाचे बोधचिन्ह महाराष्ट्रातील बहुतेक शिक्षकांना आजही आठवते. पेन्सिलवर बसलेला एक मुलगा आणि एक मुलगी, आणि त्यांच्या सोबतीला 'सारे शिकूया, पुढे जाऊया' ही ओळ. हे अभियान २०१८ मध्ये समग्र शिक्षा अभियानात विलीन झाले, तरी अनेक शाळांच्या भिंतींवर ते चिन्ह अजून टिकून आहे. दृश्य संज्ञापनाच्या दृष्टीने ते उत्तम चिन्ह होय. अक्षर न वाचता येणाऱ्या पालकालाही ते कळते आणि गावातील पेंटर ते सहज रंगवू शकतो. मुलगीही शाळेत हवी, हा त्या काळाचा तातडीचा संदेश त्याने घरोघरी पोहोचवला. मात्र ओळीत 'सारे' आहेत आणि चित्रात दोघेच. हा चित्रकाराचा दोष नव्हे. परंतु शाळा नावाच्या संस्थेत मुले किती प्रकारची असतात, याचे उत्तर त्या चित्राने नकळत देऊन टाकले.

ज्या मुलाला वा मुलीला आपण त्या दोन आकृत्यांपैकी आपल्याला नेमून दिलेली आकृती नाही असे वाटते, त्याच्यासाठी शाळेच्या भिंतीवर काय रंगवावे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. वरवर पाहता उत्तर सोपे आहे : पेन्सिलवर तिसरी आकृती काढावी. हे उत्तर चुकीचे आहे असे प्रस्तुत लेखकाचे मत असून, ते का चुकीचे आहे आणि त्याऐवजी काय करता येईल, याचे विवेचन पुढे केले आहे. विवेचनासाठी ठाणे जिल्ह्यातील कुळगाव-बदलापूर नगरपरिषदेच्या हद्दीतील बेलवली ही वस्ती आणि तेथील कोणतीही एक सर्वसाधारण मराठी माध्यमाची शाळा डोळ्यांसमोर ठेवली आहे.

संज्ञेविषयी प्रथमच खुलासा करणे आवश्यक आहे. शासकीय मराठीत 'तृतीयपंथी' हा शब्द रूढ आहे. तो प्रौढ व्यक्तींच्या समाजगटासाठी योग्य असला तरी 'पंथ' या पदामुळे एका परंपरेत, एका घराण्यात दाखल होण्याचा अर्थ त्यात मिसळतो. इयत्ता सहावीतील मूल कोणत्याही पंथात गेलेले नसते. म्हणून शाळेच्या संदर्भात 'पारलिंगी' ही संज्ञा वापरली आहे. जन्माच्या वेळी नोंदवलेले लिंग आणि स्वतःला जाणवणारी ओळख यांत ज्यांना विसंगती जाणवते, अशा व्यक्तींसाठी ती योजली जाते.

प्रश्नाची व्याप्ती

२०११ च्या जनगणनेत स्त्री आणि पुरुष यांखेरीज 'अन्य' असा रकाना प्रथमच उपलब्ध झाला. त्यात देशभरात ४,८७,८०३ व्यक्तींची नोंद झाली. महाराष्ट्रात ती ४०,८९१ होती. या गटातील साक्षरतेचे प्रमाण सुमारे ५६ टक्के होते, तर देशाची सर्वसाधारण सरासरी ७३ टक्क्यांच्या आसपास होती. शून्य ते सहा वयोगटातील ५४,८५४ बालकेही या रकान्यात नोंदवली गेली. इतक्या लहान मुलांची नोंद अर्थातच पालकांनी सांगितल्यावरून झालेली असणार. त्यामुळे हा आकडा जपूनच वाचावा लागतो. तरीही साक्षरतेतील सतरा टक्क्यांची तफावत शाळेच्या दाराशीच काहीतरी घडत असल्याचे सुचवते.

सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या प्रकरणात दिलेला निर्णय सर्वांना परिचित आहे. त्यानंतर २०१९ चा पारलिंगी व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) कायदा १० जानेवारी २०२० पासून अमलात आला. त्याच्या कलम १३ ने शासनाच्या अनुदानावर वा मान्यतेवर चालणाऱ्या शिक्षणसंस्थांवर भेदभावरहित, समावेशक शिक्षणाची आणि क्रीडा व मनोरंजनाच्या संधींची जबाबदारी टाकली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात मुलींबरोबर पारलिंगी विद्यार्थ्यांसाठीही लिंगसमावेशन निधीची तरतूद सुचवली गेली. आपल्या महाविद्यालयांपुरते बोलायचे तर विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ मध्ये रॅगिंगविरोधी विनियमांत दुरुस्ती करून पारलिंगी ओळखीवरून होणारा छळही रॅगिंगच्या व्याख्येत आणला. कागदावर उणीव फारशी नाही. उणीव मधल्या सुट्टीत आहे.

मधल्या सुट्टीत 'बायल्या' हा शब्द कसा वापरला जातो, हे शाळेत गेलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही. याच ठाणे जिल्ह्यात वाढलेल्या लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांचे 'मी हिजडा, मी लक्ष्मी' हे आत्मकथन २०१२ मध्ये मराठीत प्रसिद्ध झाले. नृत्याची आवड असलेल्या, चालण्याबोलण्यात वेगळ्या वाटणाऱ्या मुलाच्या वाट्याला येणारे चिडवणे त्यात वाचावयास मिळते. चिडवण्याचा शेवट प्रत्येक वेळी आत्मकथनात होत नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये हरियानातील फरीदाबाद येथे दहावीतील एका विद्यार्थ्याने आत्महत्या केली. शाळेतील मुलांनी त्याच्या वागण्याबोलण्यावरून त्याचा दीर्घकाळ छळ केला, अशी तक्रार त्याच्या आईने केली होती.

चित्र शिकवते, पण कसे?

आपल्याकडे जाणीवजागृतीचे दृश्य तंत्र कुटुंबनियोजनाच्या मोहिमेतून घडले. १९६० च्या दशकात दीप त्यागी या अधिकाऱ्याच्या पुढाकाराने पुढे आलेला लाल त्रिकोण आणि चार हसरे चेहरे यांनी एक साचा निर्माण केला : आदर्श कुटुंबाचे चित्र काढावे, त्याखाली एक घोषवाक्य लिहावे आणि ते सर्वत्र रंगवावे. पुढे साक्षरता, पोलिओ, स्वच्छता अशा प्रत्येक मोहिमेने हाच साचा वापरला. या साच्यात एक गृहीत दडलेले आहे. पाहणाऱ्याने चित्रातल्यासारखे व्हावे, ही त्यातील अपेक्षा असते. पारलिंगी समावेशनाच्या मोहिमेला हा साचा जसाच्या तसा लावला, तर पाहणाऱ्या पालकाच्या मनात नेमकी हीच शंका येते की, शाळा मुलांना चित्रातल्यासारखे व्हायला सांगते आहे काय? या विषयावरील अनेक वाद आशयाइतकेच या गृहीतावरूनही झडतात, असे म्हणता येईल.

याउलट एक शांत उदाहरण आपल्याच राज्यात आहे. २०१९ मध्ये बालभारतीच्या इयत्ता दुसरीच्या पाठ्यपुस्तकातील चित्रे बदलली गेली. आई आणि वडील शेजारी बसून भाजी निवडत आहेत, स्त्री डॉक्टर आहे, पुरुष स्वयंपाक करीत आहे, अशी ती चित्रे होती. त्यांच्याखाली समानतेवर निबंध नव्हता. चित्रात काय दिसते ते मुलांनी पाहावे आणि त्यावर बोलावे, एवढीच अपेक्षा होती. या प्रयोगात स्त्री-पुरुष समानतेपलीकडचा विषय नव्हता; परंतु आपल्या मोहिमेसाठी त्याची पद्धत मोलाची आहे. चित्राने निष्कर्ष सांगितला नाही, फक्त कामांची नेहमीची वाटणी थोडी हलवली. वडिलांच्या हातात भाजीची जुडी दिसली म्हणून कोणत्याही मुलाकडे वर्गात कोणी वळून पाहिले नसेल.

हे वळून पाहणे हाच प्रस्तुत मोहिमेतील सर्वांत मोठा धोका होय.

कोणाचे चित्र काढावे?

बेलवलीतील मुलांच्या डोळ्यांसमोर पारलिंगी व्यक्तीची एक प्रतिमा आधीपासून आहे. ती लोकलच्या डब्यात टाळी वाजवून पैसे मागणाऱ्या, दिवाळीत दुकानांपुढे येणाऱ्या, बारशाच्या घरी आशीर्वाद देणाऱ्या साडीतील प्रौढ व्यक्तीची आहे. भित्तिपत्रकावर 'यांनाही मान द्या' असे लिहून हीच आकृती काढली तर दोन गोष्टी घडतात. मुलांना वाटते की हा विषय शाळेबाहेरच्या 'त्यां'चा आहे, आपल्या वर्गाशी त्याचा संबंध नाही. आणि वर्गातील ज्या मुलाला आतून काही वेगळे जाणवते, त्याला आपले भविष्य म्हणून ती एकच आकृती दिसते.

मग गणवेशातील मूल काढावे काय? मुलाच्या गणवेशात पण केसांत फूल, अशी आकृती कल्पनाशून्य चित्रकार सर्वप्रथम काढील. तिचे दुष्परिणाम अधिक गंभीर आहेत. पत्रक लागल्याच्या दिवशीच वर्ग त्यातील आकृतीला आपल्यातील एखाद्याचे नाव देईल. नाजूक बोलणारा, चित्रकलेत रमणारा, कबड्डीला न जाणारा मुलगा पारलिंगी असेलच असे मुळीच नाही. तसेच केस कापून क्रिकेट खेळणारी मुलगीही. वाढत्या वयातील आवडीनिवडींवर आपण शिक्का मारू लागलो, तर जी चौकट मोडायची तीच आपण नव्या रंगाने रंगवली असे होईल. ज्याला स्वतःविषयी अजून शब्दही सापडलेला नाही, त्याची ओळख भिंतीने आधी जाहीर करणे हा त्याच्यावर अन्यायच आहे.

म्हणून प्रस्तुत लेखाचा आग्रह असा की, शाळेतील मोहिमेचा विषय पारलिंगी मूल नसून त्याच्याभोवतीचे इतर असावेत : हसणारे, ऐकून गप्प बसणारे, हजेरी घेणारे, रांगा लावणारे. बदलाची अपेक्षा त्यांच्याकडून आहे. चित्रही त्यांचेच असावे.

याचे एक साधे उदाहरण घेऊ. वर्गातील एक बाक. त्यावर दोन मुले बसली आहेत आणि सरकून त्यांनी तिसऱ्यासाठी जागा केली आहे. ती जागा रिकामी आहे. खाली दोनच शब्द : 'इथे बस.' या चित्रात ज्याला बोलावले आहे तो दाखवलेला नाही. चित्रापुढे उभा राहणारा प्रत्येक जण तो आहे. नवीन बदलून आलेल्या मुलालाही, अपंग मुलालाही आणि पारलिंगी मुलालाही ती जागा आपली वाटू शकते. पेन्सिलवर तिसरी आकृती काढण्यापेक्षा पेन्सिल थोडी लांब काढून जागा मोकळी ठेवणे, असे या विचाराचे स्वरूप सांगता येईल.

दुसरे चित्र साक्षीदाराचे. पुढे तिघे पाठमोरे हसत आहेत. मागे एक मूल आपल्याकडे, म्हणजे पाहणाऱ्याकडे, तोंड करून उभे आहे. त्याने ते ऐकले आहे, हे त्याच्या डोळ्यांतून कळते. मजकूर : 'तू ऐकलेस ना? मग गप्प राहू नकोस.' ज्याला हसले जात आहे तो याही चित्राच्या चौकटीबाहेर आहे.

यावर एक रास्त आक्षेप येऊ शकतो. शतकानुशतके ज्यांना अदृश्य ठेवले त्यांना चित्रातूनही वगळणे हे नवे अदृश्यीकरण नव्हे काय? आक्षेपात तथ्य आहे. त्याचे उत्तर वयानुसार द्यावे लागेल. प्राथमिक वर्गांत रिकामी जागा पुरेशी आहे. नववीपासून पुढे मात्र प्रत्यक्ष प्रौढ पारलिंगी व्यक्ती, त्यांच्या संमतीने आणि त्यांच्या कामासह, दिसल्या पाहिजेत. २०१७ मध्ये एका औषधी मलमाच्या जाहिरातपटात मुंबईच्या कार्यकर्त्या गौरी सावंत आणि त्यांनी सांभाळलेली मुलगी यांची कथा आली. नीरज घेवान दिग्दर्शित या पटात पाहणाऱ्याला प्रथम वसतिगृहाच्या शाळेकडे निघालेली मुलगी आणि तिची आई दिसते. आई पारलिंगी आहे हे नंतर कळते. नाते आधी, ओळख नंतर, हा क्रम शिकण्यासारखा आहे. पुढे २०१९ च्या निवडणुकीत सावंत यांची निवडणूक आयोगाने महाराष्ट्रात सदिच्छादूत म्हणून निवड केली. मतदार ओळखपत्र हातात घेतलेली व्यक्ती नागरिकशास्त्राच्या धड्याशेजारी शोभून दिसते आणि लोकलच्या डब्यातील एकमेव प्रतिमेला पर्याय देते. बंगळुरू येथे २०१६ पासून कार्यरत असलेल्या अरावनी आर्ट प्रोजेक्टने तर पारलिंगी स्त्रियांच्याच हाती कुंचला देऊन शहरांतील भिंती रंगवल्या. तेथे त्या चित्राचा विषय तर आहेतच, शिवाय कर्त्याही आहेत. आपल्या मोहिमेतही स्थानिक पारलिंगी व्यक्तींना सल्ल्यापुरते न बोलावता मानधन देऊन कामात घेतले पाहिजे.

मराठी वाक्य आणि लिंग

या विषयावरील आपल्याकडील पत्रके बहुधा इंग्रजी वा हिंदी मजकुरावरून तयार होतात, आणि तेथेच एक मोठी संधी हातची जाते. मराठी क्रियापद बोलणाऱ्याचे लिंग उघड करते. 'मी शाळेत जातो' किंवा 'मी शाळेत जाते', यांपैकी एक निवडल्याशिवाय वाक्य पुरे होत नाही. पारलिंगी मुलासाठी ही निवड दररोज, प्रत्येक वाक्यात करावी लागणारी परीक्षा असते. कित्येकदा मूल कमी बोलू लागते त्याचे एक कारण येथे असू शकते, याकडे भाषाशिक्षकांनी लक्ष द्यावे.

परंतु हेच व्याकरण बारकाईने पाहिले तर त्यात अनेक मोकळ्या वाटा आहेत. भविष्यकाळात मराठीला लिंग लागत नाही : 'मी जाईन', 'तू शिकशील', 'ती' असो वा 'तो', 'येईल' तेच. हिंदीत मात्र 'जाऊँगा' आणि 'जाऊँगी' असा भेद करावाच लागतो. सकर्मक भूतकाळात क्रियापद कर्माप्रमाणे चालते. 'मी चित्र काढले', 'मी गृहपाठ केला' ही वाक्ये कोणाच्याही तोंडी तशीच राहतात. 'आम्ही खेळतो', 'तुम्ही येता' ही अनेकवचने सामाईक आहेत. आज्ञार्थात 'ये', 'बस', 'सांग' यांना लिंग नाही. 'मला नाचायचे आहे', 'मला गणित आवडते' यांतही बोलणारा कोण हे उघड होत नाही. आणि 'मूल' हा शब्द तर नपुंसकलिंगी आहेच. 'मुलांनो' हे आपले रोजचे संबोधन त्याच शब्दाचे असल्याने त्यात सर्वांना जागा आहे. 'मित्र-मैत्रिणींनो' म्हणताना आपण उगाच वाटणी करतो. 'सोबती', 'सवंगडी' हे जुने शब्द पुन्हा वापरात आणता येतील.

वरील दोन भित्तिपत्रकांचा मजकूर या कसोटीवर पाहावा. 'इथे बस' हा आज्ञार्थ आहे. 'तू ऐकलेस' हा सकर्मक भूतकाळ आहे. एकाही शब्दाने वाचणाऱ्याला मुलगा वा मुलगी ठरवलेले नाही, आणि तरीही भाषा कृत्रिम झालेली नाही. इंग्रजीत सर्वनामांवरून जो खल चालतो, तो मराठीत जसाच्या तसा आणण्याची गरज नाही. आपला प्रश्नही वेगळा आहे आणि उत्तरही. मात्र उल्हासनगरातील सिंधी वा हिंदी माध्यमाच्या शाळांसाठी हीच पत्रके शब्दशः भाषांतरित करून चालणार नाहीत. त्या भाषांतील मोकळ्या वाटा त्या भाषेच्या शिक्षकांनीच शोधल्या पाहिजेत.

रंग आणि अक्षर

पारलिंगी समुदायाचा फिकट निळा, गुलाबी व पांढरा ध्वज १९९९ मध्ये मोनिका हेल्म्स यांनी अमेरिकेत तयार केला. निळा मुलाचा आणि गुलाबी मुलीचा, या तिकडच्या संकेतावर तो आधारलेला आहे. बेलवलीच्या शाळेत हा ध्वज रंगवून काही साधेल असे वाटत नाही. इंद्रधनुष्य तर आपल्या मुलांना पावसाच्या धड्यातले वाटेल. शिवाय महाराष्ट्रात भिंतीवरचा कोणताही एक ठळक रंग सामाजिक वा राजकीय अर्थाने वाचला जातो. निळा, भगवा आणि हिरवा यांविषयी वेगळे सांगण्याची गरज नाही. म्हणून मातकट पिवळा आणि गडद जांभळा किंवा तपकिरी असे दोनच रंग योजावेत. दोन रंगांत खर्चही कमी येतो आणि छायाप्रत काढल्यास चित्र बिघडत नाही.

अक्षराबाबत थोडक्यात. दहा फुटांवरून वाचायच्या मजकुराचे अक्षर किमान एक इंच उंच असावे, हा फलकलेखनातील ठोकताळा आहे. देवनागरीत ही उंची वरच्या-खालच्या मात्रा वगळून मोजावी, अन्यथा वेलांट्या आणि उकार एकमेकांत शिरतात. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचे 'मुक्त' आणि 'बालू' हे मुक्त परवान्याचे टंक यासाठी सोयीचे आहेत. तरी शक्य तेथे स्थानिक पेंटरचे हस्ताक्षरच घ्यावे. फ्लेक्सवरचा मजकूर मुलांना वाढदिवसाच्या शुभेच्छांसारखा भासतो. रंगवलेले अक्षर शाळेचे वाटते.

मजकुरात कायद्याची व्याख्या लिहू नये, असेही सुचवावेसे वाटते. व्याख्या आणि नियम बदलत राहतात, भिंतीवरचा रंग दहा वर्षे राहतो. कलमे शिक्षकदालनातील फलकावर असावीत, जेथे ती बदलता येतात.

भिंतीखेरीज इतर जागा

भित्तिपत्रक ही मोहिमेची सर्वांत दुय्यम वस्तू आहे, असे म्हटले तर चित्रकला विभागातील सहकाऱ्यांनी रागावू नये. शाळा स्वतःच एक दृश्य रचना असते. प्रार्थनेच्या दोन रांगा, हजेरीपटावरील आधी मुलगे मग मुली असा क्रम, फळ्याच्या कोपऱ्यातील 'मुले', 'मुली', 'एकूण' असे तीन आकडे, प्रसाधनगृहाच्या दारावरील पँट आणि फ्रॉक यांच्या आकृत्या, गणवेश. भिंतीवर 'इथे बस' आणि अंगणात मात्र दोनच रांगा, ही विसंगती मुलांच्या लगेच लक्षात येते. रांग उंचीप्रमाणे वा आडनावाच्या अक्षराप्रमाणे लावणे, हजेरी वर्णक्रमाने घेणे यास कोणाची परवानगी लागत नाही. केरळमधील वलयनचिरंगरा येथील शासकीय प्राथमिक शाळेने २०१८ मध्ये सर्व मुलांना सदरा आणि तीन-चतुर्थांश लांबीची पँट असा एकच गणवेश दिला. तेथे मुख्य कारण मुलींना मोकळेपणाने खेळता यावे हे होते.

प्रसाधनगृहाचा प्रश्न मात्र नाजूक आहे आणि तो मोहिमेच्या अग्रभागी ठेवू नये. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने २०२१ च्या अखेरीस पारलिंगी मुलांच्या समावेशनावर शिक्षकांसाठी एक पुस्तिका प्रसिद्ध केली. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने लिंगनिरपेक्ष प्रसाधनगृहे आणि वयात येणे लांबवणारी औषधे यांच्या उल्लेखांसह काही बाबींवर आक्षेप घेतला आणि पुस्तिका संकेतस्थळावरून काढली गेली. नंतर २०२३ मध्ये तिचा नवा मसुदा तयार झाला. आक्षेप योग्य की अयोग्य या वादात न शिरताही एक गोष्ट दिसते : चिडवणे थांबवावे याविषयी सर्वांचे एकमत झाले असते, पण चर्चा त्या ओळीपर्यंत पोहोचलीच नाही. एखाद्या मुलाला स्वतंत्र, कडी असलेले एक प्रसाधनगृह वापरू देणे मुख्याध्यापकांना गाजावाजा न करता जमते. त्यासाठी दारावर नवी आकृती लागत नाही. 'प्रसाधनगृह' हा शब्द पुरतो.

बदलापूरचा संदर्भ

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापुरातील एका शाळेत दोन बालिकांवरील लैंगिक अत्याचाराची घटना उघडकीस आली आणि २० ऑगस्ट रोजी संतप्त नागरिकांनी बदलापूर स्थानकात कित्येक तास रेल्वे रोखून धरली. त्यानंतर शासनाने शाळांतील सीसीटीव्ही, कर्मचाऱ्यांची चारित्र्यपडताळणी, तक्रारपेटी आणि सखी-सावित्री समिती यांविषयी सूचना काढल्या. त्या घटनेचा पारलिंगी प्रश्नाशी काहीही संबंध नाही. परंतु या परिसरातील पालक आता शाळेत येणाऱ्या प्रत्येक नव्या व्यक्तीकडे आणि प्रत्येक नव्या उपक्रमाकडे काळजीने पाहतात, आणि ती काळजी रास्त आहे. बेलवलीत काम करणाऱ्याने तिला अडथळा मानू नये. बाहेरच्या वक्त्याचे, मग तो कोणीही असो, सत्र पालक आणि वर्गशिक्षक यांच्या उपस्थितीतच व्हावे. भित्तिपत्रके लावण्यापूर्वी पालकसभेत दाखवावीत. मुलांची छायाचित्रे मोहिमेत कोठेही वापरू नयेत, केवळ रेखाटने वापरावीत.

उलट सुरक्षितता हाच पालकांशी बोलण्याचा समान धागा आहे. ज्या मुलाला वर्ग हसतो, त्याच्याकडे एकट्या कोपऱ्यात कोणी वाईट हेतूने आले तर ते मूल कोणाला सांगेल? हसण्याच्या भीतीने गप्प राहणारे मूलच सर्वाधिक असुरक्षित असते. हा मुद्दा पालकसभेत मांडला तर 'पारलिंगी' हा शब्द उच्चारण्यापूर्वीच निम्मे काम झालेले असेल.

तक्रारपेटीविषयी येथेच एक सूचना. साक्षीदाराच्या भित्तिपत्रकाखाली बाणाने तक्रारपेटी आणि १०९८ ही बालमदत क्रमसंख्या दाखवावी, म्हणजे 'गप्प राहू नकोस' यापुढे काय करायचे हे कळेल. मात्र पेटी कॅमेऱ्याच्या अगदी समोर आणि कार्यालयाच्या दाराशी टांगलेली असेल, तर चिठ्ठी टाकणारे मूल दिसणारच. पाण्याच्या टाकीजवळ, जेथे सर्वच मुले जातात, तेथे ती असावी.

पूर्वचाचणी

१९७६ मध्ये युनिसेफच्या साह्याने नेपाळमधील ग्रामस्थांना चित्रे दाखवून एक अभ्यास झाला होता. चित्रकाराला स्वयंस्पष्ट वाटणाऱ्या खुणा पाहणाऱ्यांना तशा वाटत नाहीत, हे त्यातून दिसून आले. आपल्या मुलांच्या हाती मोबाइल असला तरी ही शिकवण जुनी झालेली नाही. रिकाम्या बाकाचे चित्र पाहून कोणी 'एक मुलगा गैरहजर आहे' असे म्हणू शकेल. 'इथे बस' हे शिक्षा म्हणूनही वाचले जाऊ शकेल. बसलेल्या मुलांचे हात जागा दाखवणारे आणि चेहरे पाहणाऱ्याकडे वळलेले काढले, तर हा गैरसमज टळावा. पण टळतो की नाही हे विचारल्याखेरीज कळणार नाही.

महाविद्यालयांची भूमिका येथे सुरू होते. राष्ट्रीय सेवा योजनेचे स्वयंसेवक, अध्यापक महाविद्यालयातील छात्राध्यापक आणि उपयोजित कलेचे विद्यार्थी मिळून चित्राचे तीन-चार कच्चे नमुने तयार करू शकतात. ते मजकूर झाकून मुलांना दाखवावेत आणि 'चित्रात काय चालले आहे?' एवढेच विचारावे. उत्तर मुलांच्या शब्दांत लिहून घ्यावे; 'समजले का?' असे विचारू नये, कारण त्याला सारा वर्ग होकार देतो. कोणत्याही नमुन्याबाबत एका जरी मुलाने वर्गातील कोणाचे नाव घेतले, तर तो नमुना तेथेच बाद करावा, मग तो कितीही देखणा असो. मोहिमेनंतर मुलांपैकी कोणी आपली ओळख उघड केली का, अशी मोजणी तर कधीच करू नये. मोजायचेच असेल तर शिक्षकांनी महिनाभरात चिडवण्याच्या किती प्रसंगी मध्यस्थी केली आणि मुलांनी स्वतःहून किती वेळा केली, याची साधी नोंद ठेवावी.

आणि एक व्यावहारिक बाब. उल्हास नदीच्या खोऱ्यातील पावसाळ्यात बदलापूरच्या भिंती ओल धरतात; जूनमध्ये शाळा सुरू होताना रंगवलेले चित्र गणपतीपर्यंत पोपडे धरते. जून ते सप्टेंबर हा काळ पालकसभा, शिक्षकांशी चर्चा आणि नमुन्यांच्या चाचणीसाठी ठेवावा. भिंत दिवाळीच्या सुट्टीनंतर, ती कोरडी झाल्यावर, रंगवायला घ्यावी.